भूतकाळवाले लिमये

लिमये सर मला कधीच आवडले नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी माझं मन द्रवेल अशी कुणी वाट पाहत बसायला नको. सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल बरं बोलावं असं माझी सून म्हणते. बोलावं की! बरं होतं तेवढं बोलते. बाकीचंही बोलते.

दुसरी गोष्ट. ह्या लिखाणात मी ‘मी गेली’, ‘मी बसली’, ‘मी आली’ असंच लिहिणार आहे. छापणाऱ्यांनी कृपा करून हात लावू नये. आमच्या तेल्हाऱ्याला बाई ‘मी आली’ म्हणते आणि ती आलेली असते, कुणाला शंका येत नाही. ह्याच एका ईकारापायी लिमये सरांनी आम्हाला कॉलेजात छळ छळ छळलं. तेव्हा निदान त्यांच्यावर लिहिताना तरी मी तो सोडणार नाही. आणि सरांना ‘ते’, ‘होते’, ‘म्हणाले’ असं आदरार्थी लावते आहे ते सवयीनं. आदर त्यात शोधू नका.

पन्नास सालानंतरचं दशक संपत आलं होतं. अमरावतीच्या कॉलेजात इंटरला एक दुसरी भाषा घ्यावी लागे. संस्कृत घ्यायचं तर शाळेपासून झालेलं लागे. मला ते कधी चढलं नाही. आमच्या घरी कपाशीचे भाव सगळ्यांना तोंडपाठ, रामरक्षा एका आजोबांना. शांता वानखडेची गोष्ट वेगळी होती. तिला चांदूर बाजारच्या शाळेत संस्कृतच्या वर्गात बसूच दिलं नव्हतं. जागा नाही, असं तिथले मास्तर म्हणाले होते, आणि मागचे दोन बाक तर रिकामे होते. होस्टेलवर आम्ही दोघी एका खोलीत. म्हटलं, फ्रेंच घेऊ. ती भाषा अमरावतीत कुणाच्याच बापाला येत नाही, तेव्हा त्यात सगळे सारखे. निदान आम्हाला तसं वाटलं.

सर पुण्याचे. उन्हाळ्यात कावळे चोच उघडी टाकून बसतात अशा दिवसांतही बंद गळ्याचा कोट, वर उपरणं. खडू स्वतःचा, पितळी डबीत ठेवलेला. कॉलेजचा खडू ते हातात धरत नसत, ‘भुसभुशीत आहे’ म्हणत. दाराची कडी रुमालानं धरत. हाक मारायची ती ‘मिस ताथोड’, ‘मिस वानखडे’ अशी, आणि ‘ताथोड’ म्हणताना तोंडात खडा आल्यासारखं करत. एकदा विचारलंही, ‘ताथोड म्हणजे नक्की काय हो?’ मी म्हटलं, ‘आडनाव आहे सर.’ मुलं हसली. सर हसले नाहीत. दोन वर्षांत ते हसलेले मी पाहिलेच नाहीत.

वर्तमानकाळ त्यांनी दिवाळीच्या आत उरकला. भविष्यकाळ चालू वर्षी घेणार का, असं एका मुलानं विचारलं तर म्हणाले, ‘इथं कुणाला लागणार आहे तो?’ त्यांचा खरा जीव भूतकाळात. झालेलं, संपलेलं, घडून गेलेलं, असं काही आलं की सरांचा आवाज बदलायचा. कॉलेजात त्यांचं नावच ‘भूतकाळवाले लिमये’ पडलं होतं.

आणि खोटं कशाला बोलू, तो भूतकाळ त्यांनी आमच्यात असा ठोकून बसवला की आजही मला झोपेतून उठवा, मी सांगीन. क्रियापदाच्या शेवटी ‘एर’ असेल तर तो टाकून ‘ए’ लावायचा. ‘ईर’ असेल तर ‘ई’. नुसता ‘र’ असेल तर ‘यू’. पार्ले, फिनी, वांद्यू: बोललेलं, संपलेलं, विकलेलं. मग ह्या ‘-लेलं’ला आधाराला एक साहाय्यक क्रियापद द्यायचं. बहुतेकांना ‘आव्वार’. पण येणं, जाणं, आत शिरणं, बाहेर पडणं, चढणं, उतरणं, पडणं, जन्मणं, मरणं, होणं, ह्या गोतावळ्याला ‘एत्र’. आणि ‘एत्र’ लागलं की कर्ता बाई आहे की बुवा ते पाहायचं. बाई असेल तर शेवटी एक ‘e’ वाढवायचा. पुष्कळ जण असतील तर ‘s’. गेलेला, गेलेली, गेलेले. आपल्याकडं आहे तसंच, म्हणून आम्हाला ते पटकन आलं.

घोटाळा झाला तो भलतीकडंच. भूतकाळाच्या पहिल्याच दिवशी सरांनी वाक्य म्हटलं, ‘ज स्वी-झाले ओ मार्शे’, आणि माझ्याकडं बोट केलं. ‘स्त्री बोलते आहे. अर्थ सांगा.’

मला ‘झाले’ ऐकू आलं. त्याआधी फळ्यावर लिहून सरांनी त्याचा उच्चार ‘आले’ असा करून दाखवला होता. मार्शे म्हणजे बाजार, हे माहीत. मी ठणकावून सांगितलं, ‘मी बाजारात आली.’

‘कोण आली?’

‘मी, सर.’

‘स्वतःबद्दल बोलताना ‘आले’ म्हणतात. ‘आली’ ती दुसरी कोणी. आणि इथं अर्थ ‘येणे’ नाहीच, ‘जाणे’ आहे. ‘आले’ म्हणजे गेले.’

‘मंग सर,’ मी म्हटलं, ‘मी आले म्हनलं तं मी गेली का?’

वर्ग असा फुटला की शेजारच्या वर्गातले प्राध्यापक डोकावून गेले. मला वाटलं सरही हसतील. खरं तर किती मजेची गोष्ट! पुण्याची बाई ‘आले’ म्हणते तेव्हा ती आलेली असते आणि पॅरिसची ‘आले’ म्हणते तेव्हा ती गेलेली. पण सरांनी डबीत खडू ठेवला आणि म्हणाले, ‘मिस ताथोड, आधी मराठी शिकून या. फ्रेंचचा रस्ता तिकडून आहे.’

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नियमच काढला. मुलींनी दारात उभं राहायचं, ‘मी आले’ म्हणायचं, मग आत यायचं. मुलांना हे काही नाही. मी दारात उभी राहून ‘मी आऽऽऽले’ असा लांब सूर लावायची, अंबादेवीच्या देवळात ऐकू जाईल असा. शांतानं पहिल्या दिवशी ‘मी आली’ म्हटलं. सर म्हणाले, ‘पुन्हा.’ ती पुन्हा ‘मी आली’ म्हणाली. अर्धा तास बाहेर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं दारातून स्वच्छ आवाजात म्हटलं, ‘ज स्वी व्हन्यू, मस्य.’ म्हणजे, मी आलेली आहे, महाशय. आता ह्यात ‘आली’ कुठं आणि ‘आले’ कुठं? सरांनी मानेनंच आत ये म्हणून खुणावलं. त्यानंतर ती रोज तेच म्हणायची. मी तर खूश होऊन तिला होस्टेलवर शेंगदाण्याची चिक्की दिली.

एकदा वह्या द्यायला म्हणून आम्ही दोघी सरांच्या घरी गेलो, राजापेठेत. सर ओसरीवर कोट घालूनच बसले होते. आतून बाईंचा आवाज आला, ‘पोरींनो, थांबा हं, मी आलीच!’ सरांचं तोंड पाहण्यासारखं झालं. ‘आलेच!’ ते आतल्या दिशेला ओरडले. बाई परातीतलं पीठ हाताला तसंच घेऊन बाहेर आल्या, म्हणाल्या, ‘आलीच तर मी. काय म्हणताय?’ बिचाऱ्या. पंधरा-वीस वर्षं भाजीवालीशी, मोलकरणीशी, शेजारणींशी बोलून त्यांची जीभ आमच्यातली झाली होती आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. त्यांनी आम्हाला उपासाची थालीपीठं दिली. बाई शांताची बशी उचलायला लागल्या तेव्हा मात्र सर त्यांच्याकडं बघत राहिले, आणि बाईंनी ती बशी माझ्या बशीवर ठेवून दोन्ही एकदमच आत नेल्या. मला बाई तेवढ्यासाठी अजून आवडतात.

शिकवायचे मात्र, मेले, सुंदर. ‘आव्वार’वाल्या क्रियापदांत आम्ही सगळे एकच चूक करत होतो. मराठीत ‘मी भाकर खाल्ली’, ‘मी आंबा खाल्ला’. भाकर आधी म्हणा नाहीतर मागून म्हणा, खाल्ली ती खाल्ली. फ्रेंचमध्ये तसं नाही. ‘मी खाल्लं भाकर’ अशा चालीनं भाकर मागून आली तर क्रियापद तिच्याकडं ढुंकून बघत नाही. ‘जी भाकर मी खाल्ली’ असं तिला आधी आणलं, तरच तिच्यासाठी ‘e’ वाढवायचा. आम्ही जिथं तिथं ‘e’ वाढवून ठेवत होतो. सर वह्या टेबलावर आपटत. ‘हे मराठी भूत तुमच्या मानगुटीवरून कधी उतरणार? अहो, कर्म आधीच येऊन बसलेलं असेल तर क्रियापद उठून उभं राहतं. उशिरा आलेल्यासाठी कोण उठतो?’

झालं, तेव्हापासून माझी ती चूक कधी झाली नाही. पण शांता रात्री होस्टेलवर पांघरुणातून म्हणाली, ‘लीले, कायच्या काय नियम हाय ना वं. जो आधी येऊन बसला त्याच्यासाठीच उठाचं.’ मी म्हटलं, ‘व्याकरन हाय ते.’ ती म्हणाली, ‘मले मालूम हाय व्याकरन हाय ते.’

सर पडले तोही दिवस सांगायला हवा. ‘एत्र’ची क्रियापदं ते करून दाखवत. दारातून आत येत, बाहेर जात, व्यासपीठावर चढत, उतरत, आणि प्रत्येक वेळी वाक्य म्हणत. त्या दिवशी आमच्याकडं बघत बघत बाजूनं उतरायला गेले, पायरी चुकली, आणि सर धाडकन फरशीवर. कुणी हललं नाही. हसावं की धावावं हेच कळेना. त्या शांततेत शांताचा आवाज आला, ‘इल ए तोंबे.’ ते पडलेले आहेत.

सर खालूनच म्हणाले, ‘बरोबर. ‘e’ लागेल?’

‘नाई सर.’

‘का?’

‘तुमी पुरुष आहा म्हून.’

‘आणि लिमयेबाई पडल्या असत्या तर?’

‘तं लागला असता.’

मग सर उठले. कोपर फुटलं होतं, कोटाच्या बाहीला रक्त लागलं होतं. रुमाल गुंडाळला आणि घंटा होईपर्यंत शिकवलं. जाताना शांताच्या बाकापाशी थांबले. म्हणाले, ‘मिस वानखडे, ह्या विषयाला लागतं ते डोकं तुम्हाला आहे. ह्या वर्गात एकट्या तुम्हाला.’ शांता लाल झाली. मला रागही आला आणि आनंदही झाला. म्हणजे ती काय चीज आहे हे सरांना पुरतं माहीत होतं. हे लक्षात ठेवा. नंतर जे केलं ते अजाणता नव्हतं.

इंटरच्या दुसऱ्या वर्षी टेस्ट परीक्षा झाली. टेस्टमध्ये पास झाल्याशिवाय कॉलेज युनिव्हर्सिटीचा फॉर्म पुढं पाठवत नसे, आणि त्यावर विषयाच्या प्राध्यापकाची सही लागे. शांताचं सगळं त्या सहीवर होतं. वर्ष गेलं की सरकारी शिष्यवृत्ती बंद, होस्टेल बंद. वडील बांधकाम खात्यात मुकादम, मागं भावंडं. तिच्या अख्ख्या गोतात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिली. चुलत्यानं दर्यापूरकडचं एक स्थळ पाहून ठेवलं होतं. पोरगी पास झाली तर शिकेल, नापास झाली तर लग्न, असं घरात सरळ ठरलेलं.

पेपरात निबंध होता. ‘माझं कुटुंब’, आणि ‘एत्र’वाली क्रियापदं वापरायची. मी आपलं लिहिलं, माझे आजोबा तेल्हाऱ्याला जन्मले, मोठे झाले, मेले. शांतानं लिहिलं: माझे आजोबा कामासाठी गाव सोडून निघाले, चांदूर बाजारला आले, तिथंच राहिले, तिथंच वारले. मी तिथं जन्मली. छप्पन साली माझे वडील, माझी आई, माझे भाऊ आणि मी नागपूरला गेलो, आणि आम्ही बौद्ध झालो. नू सॉम दव्हन्यू बुद्दीस्त. ‘दव्हन्यू’ला शेवटी ‘s’, कारण पुष्कळ जण. ‘e’ नाही, कारण त्यात वडील आणि भाऊ. एक चूक दाखवा म्हणावं!

पेपर परत मिळाला तेव्हा त्या शेवटच्या वाक्यावर तांबडी काट होती, आणि सबंध निबंधाला शून्य. त्या शून्यानं शांता नापास.

आम्ही स्टाफरूममध्ये गेलो. सर एकटेच होते. मी दारातच थांबली, शांता टेबलापाशी गेली.

‘सर, यात चूक कुठी आहे?’

‘व्याकरणाची चूक नाही.’

‘मंग काट काहून मारली?’

सरांनी पेपर आपल्याकडं ओढला. आवाज अगदी शांत, वर्गात शिकवतात तसा. ‘मिस वानखडे, ‘एत्र’च्या गटात ‘नेत्र’ हे क्रियापद आहे आणि ‘दव्हनीर’ही आहे. जन्मणे आणि होणे. माणूस डॉक्टर होतो, म्हातारा होतो, तिथं ‘दव्हनीर’. पण जात, धर्म, कूळ, तिथं ‘नेत्र’. ते माणूस होत नसतो, जन्मतो. उद्या मी म्हणेन, मी फ्रेंच झालो. चालेल?’

‘व्याकरनात चालते का नाई, सर?’

‘व्याकरणात चालेल. पण ते सत्य नाही. मी खोटी वाक्यं तपासत नाही.’

‘खोटं नाई सर ते. आमी झालो. मी सोता होती तिथी.’

‘होते,’ सर म्हणाले. ‘मी स्वतः ‘होते’ तिथे.’

देवाशप्पथ सांगते, त्या घडीलासुद्धा त्यांनी ते दुरुस्त केलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. वाटलं, आत जावं आणि ती खडूची डबी खिडकीबाहेर भिरकावून द्यावी.

मग सरांनी स्वतःचं पेन उघडून पेपरावर आडवं ठेवलं. ‘हे वाक्य ‘नेत्र’ वापरून पुन्हा लिहा. आपण काय म्हणून जन्मलात ते. एक ओळ. मी इथल्या इथं गुण देतो आणि फॉर्मावर सही करतो. तुमच्यासारख्या विद्यार्थिनीचं वर्ष वाया घालवायची मला हौस नाही.’

शांता पेनाकडं पाहत उभी राहिली. तिनं पेन हातात घेतलं. टोपण घातलं. सरांच्या समोर ठेवलं.

‘नाई सर.’

‘वर्ष जाईल.’

‘जाते तं जाऊ द्या.’

मी तिला ओढत प्रिन्सिपलसाहेबांकडं नेली. ते आमच्या बाजूचेच, मोर्शीकडचे, गडगडाटी हसणारे, मुलांना ‘बेटा’ म्हणणारे. त्यांनी सगळं ऐकलं आणि लिमयांना बोलावून घेतलं. ‘लिमये, देऊन टाका ना हो. पोरीचं फ्रेंच बरोबर हाय म्हंता, मंग अडलं कुठी?’ सर म्हणाले, ‘माझ्या विषयात मी काय तपासावं हे ठरवायचं असेल तर माझा राजीनामा घ्या.’ झालं! अमरावतीत दुसरा फ्रेंचचा माणूस आणायचा कुठून? साहेबांनी टेबलावरचा कागद इकडून तिकडं केला. लिमये गेल्यावर शांताला म्हणाले, ‘बेटा, एक ओळ तं हाय. लिहून टाक. तुझ्या बापाच्या पायी सांगतो. कोन वाचते ते?’

‘मी वाचते ना, सर,’ शांता म्हणाली.

साहेबांनी घंटी दाबून शिपायाला बोलावलं. आमच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. लिमयांचा मला राग आहे हे खरंच, पण ह्या भल्या माणसाचाही आहे. उलट त्याचा जरा जास्तच, कारण त्याला सगळं कळत होतं.

शांताचा फॉर्म गेला नाही. आठवडाभरात तिनं खोली सोडली. मोटार स्टँडवर मी तिला पोचवायला गेली होती. रस्ताभर मीच बडबडत होती, लिमयांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. गाडीत खिडकीशी बसल्यावर शांता म्हणाली, ‘लीले, त्या वाक्यात ‘s’ लागतेच ना वं?’

‘लागतेच.’

‘मंग बास.’

आणि डोळ्याला पदर लावला. गाडी निघून गेल्यावर मी तिथंच बाकावर बसून रडली. लोक पाहत होते, पाहू दे म्हटलं.

चुलत्यानं स्थळ आणलंच. वडिलांनी पाहुण्यांना चहा पाजला आणि पोरगी पुढच्या साली बाहेरून परीक्षेला बसते म्हणून सांगून वाटेला लावलं. घरात त्यावरून पुष्कळ भांडणं झाली. चुलता दोन वर्षं बोलला नाही. शांतानं गावच्या शाळेत बदलीवर मास्तरकी केली, आणि माझ्या जुन्या पुस्तकावरून एकटीनं अभ्यास केला. बाहेरून बसणाऱ्याला टेस्ट नव्हती, सही नव्हती, लिमये नव्हते. पेपर नागपूरला तपासले गेले. ती पास झाली, आणि फ्रेंचमध्ये माझ्यापेक्षा कितीतरी गुण जास्त. मग बी.ए., बी.टी., मग सरकारी परीक्षा. साठीच्या दशकाच्या मध्यावर ती शाळा तपासणीस होऊन अकोला जिल्ह्यात आली. जीप फाटकाशी थांबली की मोठमोठे हेडमास्तर टोपी सारखी करत बाहेर येतात, हे मी शिकवत होती त्या शाळेत डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मी तोवर लग्न होऊन अकोल्याला जठारपेठेत राहायला आली होती. सुट्टीच्या दिवशी ही तपासणीसबाई माझ्या स्वैपाकघरात पाट घेऊन बसायची, ठेचा-भाकर खायची आणि सगळ्या हेडमास्तरांच्या नकला करायची.

आणि त्याच सुमाराला लिमये सर मला शेवटचे दिसले. अकोला स्टेशनवर, दुपारच्या उन्हात. नणंद भुसावळकडं जायची होती, तिला बसवून द्यायला मी गेली होती. पाण्याच्या नळापाशी बंद गळ्याचा कोट दिसला. माणूस वाळून अर्धा झाला होता. मी मान फिरवली, पण त्यांनी पाहिलं.

‘मिस ताथोड ना? इथं कशा?’

‘नणंदेला पोचवायला आली होती, सर.’

‘आले होते,’ ते म्हणाले. उचकी लागावी तसं आपोआप. मग त्यांचं त्यांनाच काहीतरी वाटलं असावं. नोकरी संपल्याचं म्हणाले, लिमयेबाई गेल्याचं म्हणाले, जळगावला मुलीकडं राहायला निघालो म्हणाले. बाई गेल्याचं ऐकून मला वाईट वाटलं. तसं मी म्हटलंही.

गाडीची घंटा झाली. सर एकदम म्हणाले, ‘तुमच्याबरोबर ती एक मुलगी होती. वानखडे. तशी विद्यार्थिनी मला नंतर मिळाली नाही. एकही नाही.’ थोडं थांबून म्हणाले, ‘काय झाली हो ती पुढं?’

मी त्यांच्याकडं पाहिलं. ‘झाली?’

‘हो. म्हणजे, शिकली का? कोण झाली?’

माझ्या जिभेच्या टोकावर होतं. आदल्याच दिवशी तिची जीप आमच्या दारात उभी होती. किती सोपं होतं सांगणं, आणि सांगितलं असतं तर ह्या माणसाचा चेहरा काय झाला असता तेही मला पाहायचं होतं. पण त्या चेहऱ्यावर समाधानही आलं असतं, माझी विद्यार्थिनी म्हणून. ते मला चालणार नव्हतं.

‘सर,’ मी म्हटलं, ‘तुमच्या हिशेबानं माणूस काही होत नसते. जन्मते तेवढंच.’

गाडी आली. त्यांची वळकटी जड होती, हमालानं चढवली. मी नणंदेला दोन डबे पुढं जागा धरून दिली, लाडवांचा डबा दिला, खाली उतरली. गाडी हलली तेव्हा सरांची खिडकी माझ्यासमोरून गेली. ते गजाला तोंड लावून ओरडत होते, ‘अहो, पण सांगा तरी! काय झाली ती?’

मला स्वच्छ ऐकू आलं. मी हात हलवून निरोप दिला.